चूलबंद आवतनाला जेवलो, आता त्याच घराचा हिशेब मांडायलोत

बांधकरी (औसा तालुका)

गावाचं नाव सांगत नाही, माणसाचंही नाही. दोन-चार तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत, कारण ते घर अजून उभं आहे आणि त्यात माणसं राहतात.

आमच्या बांधाला बांध लागून असलेला एक जण चैत्रात गेला. स्वतःहून गेला. साडेतीन एकर कोरडवाहू, एक बोअर, तो फेब्रुवारीतच मान टाकतो. तेरावं झालं, पाहुणे परतले आणि पारावर हिशेब सुरू झाला. "पोरीच्या लग्नात एवढं उधळायचं कामून?" "ऐपत नव्हती तर मंडप कशाला तेवढा?" "प्यायचा हो तो."

पारावर आम्ही आठ-दहा जण. एकूणएकानं ते लग्न जेवलेलं. दोन वर्षांमागं त्यानं घरटी एक माणूस सांगायचं ठरवलं होतं. बांधावर उभा राहून मला म्हणाला, "घरटी एक सांगितलं तर चालतंय का रं?" मी म्हणालो, "लोक नावं ठेवतेल बघ. एकच पोरगी तुझी." झालं, सगळ्या गावाला चूलबंद आवतन गेलं, म्हणजे कुणाच्या घरी चूल पेटवायची नाही, घरच्या सगळ्यांनी जेवायला यायचं. बुंदी, वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात. चार वाजेपर्यंत पंगती उठत होत्या. त्याही दिवशी हात धुता धुता एक जण बोललाच की भाजीला तर्री नव्हती. दुसऱ्यानं टॉवेल-टोपी हलकी म्हणून मांडवाच्या खांबालाच अडकवली आणि गेला. आज "उधळलं" म्हणणारे तेच दोघं. आणि चूलबंदचा सल्ला देणारा मी, मान हलवत त्यांच्या शेजारी.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्या गोष्टीमुळं. चौकशीला आले तेव्हा शेजारी म्हणून माझा जबाब घेतला. कर्ज होतं का? होतं. पीक? दोन साल हातचं गेलं. दारू प्यायचा का? मी म्हणालो, "कधीमधी." खोटं नव्हतं ते. कागदावर आलं, "मयतास मद्यप्राशनाची सवय असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले." खाली सही माझी. आत्महत्येनंतरच्या सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र झालं.

कधीमधी मीही घेतो. पोळ्याच्या करीला त्याच्याच बोअरच्या खोलीत, त्याच्याचबरोबर घेतलेली आहे. ते मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता त्याच्या बायकोनं सोयाबीन पेरलंय. उगवण चांगली आहे, पण तणात गेलंय. मजुरीला पैसा नाही. तिच्याबद्दल गावात रोज बोलणं होतंय, ती माहेरी कामून गेली नाही, पोराला बारावीला लातूरलाच कामून ठेवलंय. खुरपं घेऊन मात्र कुणी जात नाही. आपल्याकडं इर्जिक होती, सावड होती, एकमेकाच्या रानात जाऊन काम उरकायचे. माझं म्हणणं एवढंच की ज्याला त्या घराविषयी तोंड उघडायचंय त्यानं आधी एक पात खुरपावी. बोला. गोड बोलू नका.

निवृत्त_तलाठी

गोड बोलायची सवय नाही. 31 वर्षं नोकरी केली.

पहिलं. तुमच्या "कधीमधी"मुळं प्रकरण अपात्र झालं हा गैरसमज काढून टाका, तुम्ही स्वतःला फार मोठं समजताय. 2006 च्या शासन निर्णयात निकष सांगितलेले आहेत: नापिकी, बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं कर्ज फेडता न येणं आणि वसुलीचा तगादा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती हे बघते. तुमच्या मित्राचं कर्ज लग्नाचं, म्हणजे बहुतेक हातउसनं असणार, नाहीतर बिगरपरवाना सावकाराचं. त्याला कागद नसतो. कागद नाही म्हणजे समितीपुढं कर्जच नाही. दारूचा शेरा वरून मीठ म्हणून पडतो.

दुसरं, तुमचा मुद्दाच मला मान्य नाही. नावं ठेवणं बंद केलं तर गावात शिल्लक काय राहतं? पोलीस पाटील एक आणि गाव पाच हजाराचं. माणूस सुधारतो तो चार लोक बघतेत म्हणून. माझ्या सज्जातल्या एका गावात बायकांनी दारूचं दुकान बंद केलं. आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करायला मतदान. अर्ध्याहून जास्त मतं पडली आणि दुकान गेलं. त्या बायकांनी कुणाला समजून घेतलं नव्हतं, नावं घेऊन घेऊन बोलल्या होत्या. हुंडा घेणाऱ्यालाही आता समजून घ्यायचं का? कायदा 1961 चा आहे, अजून लोकलाजेशिवाय त्याला हातपाय नाहीत.

पुण्यातला_निलंगेकर

तलाठी साहेब, त्याच लोकलाजेनं चूलबंद आवतन घालायला लावलं ना? औषध म्हणता तेच विष आहे. मी गाव सोडलं त्याचं अर्धं कारण पार आहे. आमच्या सोसायटीत शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही आणि सगळे सुखात आहेत.

बांधकरी दादा, ताईंचा फोन नंबर इथं टाका. सगळे मिळून थोडे थोडे पाठवू, एका संध्याकाळी मजुरीचे पैसे जमतील.

हिंगोलीची_सून

नंबर टाकू नका. अजिबात टाकू नका.

आणि दादा, एक विचारते. हे सगळं इथं लिहायच्या आधी तिला विचारलंत का? पारावर आठ जण बोलत होते, आता आठशे बोलतील. तपशील बदलले म्हणता, पण एकच पोरगी, साडेतीन एकर, पोरगा बारावीला लातूरला. तुमच्या गावातला कुणीही दोन ओळीत ओळखेल.

बांधकरी

नाही विचारलं. तुमचं वाचल्यावर पोटात गोळा आला. धागा काढून टाकू का?

हिंगोलीची_सून

आता काढून काय, वाचणाऱ्यांनी वाचलं. उद्या सकाळी जाऊन तिला सांगा की मी असं असं लिहिलंय. ती काय म्हणेल ते ऐका. मी तिच्या जागी होते सहा वर्षांपूर्वी, म्हणून सांगते. तेव्हा मला सगळ्यात जास्त राग दया करणाऱ्यांचा यायचा. नावं ठेवणारे निदान माझ्याशी काही मागत नव्हते. दया करणाऱ्यांना वाटायचं की मी त्यांच्यासमोर रडावं.

मे 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. शासनानंही परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्याही गावानं केला ठराव. फोटो काढला, त्यात मला मधोमध उभं केलं. ठरावाला सूचक होत्या त्याच बाईंच्या घरी पुढच्या संक्रांतीला हळदी-कुंकू झालं. घर माझ्या दारासमोर आहे. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या, बायका येता-जाता दिसत होत्या. मला बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वाटी पोरीच्या हातानं पाठवून दिली.

ती वाटी मी वापरते. मीठ ठेवते त्यात.

नाथांच्या_गावचा

आपण पैठणकडचे. ज्या गावानं श्राद्धाचं अन्न भुकेल्या महारांना वाढलं म्हणून नाथांना वाळीत टाकलं, असं सांगतात, त्याच गावात आज नाथषष्ठीला पाय ठेवायला जागा नसते. जवळच आपेगाव. तिथल्या विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून संसार केला म्हणून त्यांच्या लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्याच ब्रह्मवृंदापुढं उभं राहावं लागलं. न्याय देणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव कुणाला आठवतंय का? आपल्या मातीला हा रोग जुना आहे आणि उताराही इथलाच आहे. बांधकरी माउली, तुम्ही बरोबर बोलायलात.

उलटा_सवाल (परभणी)

माउली, संतांची नावं घेतली की आपण आपोआप संतांच्या बाजूचे होतो, हे बरं आहे. पैठणला तेव्हा असतो तर आपण कुठं उभे असतो? मी तरी बहुतेक गप्प उभा असतो. आमच्याकडं सप्त्यात व्यसनमुक्तीवर कीर्तन झालं, डोळ्यात पाणी आणलं बुवांनी. मागून चहा द्यायला गेलो तर तंबाखूला चुना लावत बसलेले. मला बघून म्हणाले, "ही प्रसादापुरती."

बांधकरी, आता तुमच्याकडं येतो. तुम्ही नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवायलेत. पंक्तीतला तर्रीवाला, टोपी अडकवणारा, हे दोघं पण कुणाचे तरी शेजारीच. त्यांची बाजू कुठंय?

आणि इर्जिकीचं एवढं कौतुक नको. इर्जिक होती ती बैलवाल्यांची. ज्याच्या दावणीला जोडी त्याची सावड. माझ्या आज्याकडं ना बैल होते ना रान. इर्जिकीच्या दिवशी तो दिवसभर राबायचा आणि जेवायला त्याची रांग वेगळी, पत्रावळ वरून टाकलेली. "आपण सगळे एकमेकांना धरून होतो" म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, कोण कोण होतं त्या "आपण"मध्ये? आज या बाईसाठी खुरपं उचलायची भाषा चाललीय. सालगड्याची बायको असती, बिनजमिनीची, तर धागा निघाला असता का? तिच्या नवऱ्याची तर चौकशीच झाली नसती, सातबारा नाही म्हणजे शेतकरीच नाही.

बांधकरी

निघाला नसता. खोटं कशाला बोलू. माझा बांध तिच्या बांधाला लागून आहे म्हणून मला दिसतंय. बाकीचं दिसत नाही, का मी बघत नाही, ते मलाच ठाऊक नाही.

गटाची_सचिव (माजलगाव)

मी तलाठी दादांच्या बाजूनं. थोडी.

इथं सगळे पुरुष पारावरून बोलायलेत म्हणून आमचा पार सांगते. बचत गटाचं ठीक आहे, घरचा कारभार. पण फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं की एकीची जामीन बाकीच्या सगळ्या. एकीचा हप्ता थकला की साहेब म्हणतो, तुम्ही बघा. मग आम्ही बघतो. नाव नाही ठेवायचं तर काय करायचं? तिचे पैसे माझ्या कापसाच्या वेचणीतून जातात.

मागच्या साली एकीच्या दारात आम्ही आठजणी बसलो. संध्याकाळी सहाला बसलो ते नऊ वाजले. ती आत, चूल पेटवली नाही, कारण आम्ही बाहेर उपाशी बसलेल्या आणि ती आत स्वयंपाक करणार कशी. तिचं लहान लेकरू दारातून आमच्याकडं बघत होतं. तिनं पोराला नवा मोबाईल घेतलेला, ते सगळ्यांना ठाऊक. मीच बोलले मोठ्यानं, "हप्त्याला पैसा नाही, मोबाईलला आहे." नऊला तिनं कानातलं काढून दिलं. आम्ही घेतलं.

पुढं चार महिन्यांनी आमच्या मालकांनी मला न विचारता मोटरसायकलचा अगाऊ भरणा केला आणि माझा हप्ता थकला. माझ्या दारात कुणी आलं नाही. का? मी सचिव. सगळ्यांची पुस्तकं माझ्या पेटीत. त्या कानातलं दिलेल्या बाईनंच माझे 850 भरले आणि मीटिंगमध्ये कुणाला बोलली नाही. मला बोलली, पण. भरून झाल्यावर घरी येऊन तोंडावर बोलली, "वैनी, मोटरसायकल लई चमकायलीय." तेवढंच.

म्हणून मी म्हणते, बोलायचं तर दारात येऊन बोला. तलाठी दादा, तुमच्या आडवी बाटलीवाल्या बायका समोरासमोर बोलल्या होत्या. पारावरचं बोलणं त्यात मोजू नका.

निवृत्त_तलाठी

वैनी, हे कबूल. लोकलाज आणि कुजबुज मी एका पोत्यात भरली होती.

पण पुण्याच्या साहेबांना सांगतो, शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसणं म्हणजे नावं न ठेवणं नव्हे. तुमच्याकडं बंद दारामागं चार दिवस कुणी पडलं तर वास आल्यावर कळेल. आमच्या पारावर दुपारच्या चहाला माणूस दिसला नाही की विचारणा होते. चौकशी आणि भोचकपणा एकाच तोंडातून निघतात, काय करता.

पुण्यातला_निलंगेकर

लागलं. आमच्याच मजल्यावर असं एकदा झालंय. चार नाही, दोन दिवस.

फक्त_वाचक

दोन दिवस वाचतोय. 60 प्रतिसाद "सहमत" आणि हात जोडलेले. खुरपायला रविवारी कोण येणार ते कुणी लिहीना.

निवृत्त_तलाठी

मी येणार नाही, गुडघे गेलेत. त्याऐवजी बांधकरी, कागद घ्या आणि लिहा.

खुरपण महत्त्वाचं, पण त्याहून आधी वारसाची नोंद. माणूस चैत्रात गेला म्हणता, म्हणजे तीन महिने भरत आले. कायद्यानं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि अर्ज. नोंद आधी गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, मग फेरफार, नोटिशीचे 15 दिवस, मग सातबारा. दिराला एकट्याला पाठवू नका. तिचं नाव, पोराचं नाव आणि लग्न झालेल्या पोरीचंही नाव लागतं. सासू हयात असेल तर तिचंही. पोरीचं नाव लावलं की पार पुन्हा बोलणार, "बघा, बापाच्या रानावर डोळा." बोलू द्या. नाव लावा. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीक कर्ज नाही, नुकसानीचं अनुदान नाही, आणि पुढच्या वर्षी तीच बाई त्याच बिनपरवाना सावकाराच्या ओट्यावर.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. महिना 1500. उत्पन्नाचा दाखला वर्षाला 21 हजारांच्या आतला लागतो. कार्ड दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभचे एकरकमी 20 हजार, तो अर्जही तिथंच. अपात्र प्रकरणाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडं फेरचौकशीचा अर्ज द्या. मिळाले तर एक लाख, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. 2006 मध्ये हा आकडा ठरला तेव्हा सोन्याचा तोळा आठ-नऊ हजारांच्या आसपास होता, यावरून किंमत समजा.

अर्ज मी लिहून देतो. खासगी निरोपातून कळवा. तुमचा नवा जबाब जोडायचा असेल तर "कधीमधी"च्या पुढं, कुणाबरोबर तेही लिहा.

बांधकरी

लिहितो.

उलटा_सवाल (परभणी)

तलाठी साहेब, धाग्यात सगळ्यात कडू तुम्ही बोललात आणि कामाचं एकटे तुम्हीच बोललात. वादात हरल्यासारखं वाटायलंय.

नाथांच्या_गावचा

रामकृष्णहरी. रविवारी आमच्याकडं कार्यक्रम आहे, नाहीतर आलो असतो.

हिंगोलीची_सून

दादा, तिला सांगितलंत का, लिहिल्याचं?

बांधकरी

रविवार, रात्र.

सांगितलं, शुक्रवारी. ओट्यावर गहू निवडत होती. सगळं ऐकलं. जबाबाचंही सांगितलं. सूप खाली ठेवलं नाही. बराच वेळ गहूच निवडत राहिली. मग म्हणाली, "मला ठाव होतं. कागद वाचून दाखविला होता त्येनी." इतके दिवस तिला माहीत होतं आणि रोज सकाळी बांधावर दिसलो की "च्या झाला का" विचारत होती. धागा ठेवा का काढा, यावर म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." तेव्हा ठेवलाय, पण पोराचा आणि लातूरचा उल्लेख काढायला सांगितलाय. व्यवस्थापकांना विनंती केलीय, अजून झालेलं नाही.

वारसाचा अर्ज शुक्रवारीच दिला. पोरीचं नाव लावायचं ठरलंय. दीर रुसलाय.

आज खुरपायला सहा जण. मी, माझी बायको, शेजारच्या वाडीचे दोघं, फक्त_वाचक (ते आमच्याच तालुक्यातले निघाले, मला माहीतच नव्हतं), आणि सहावा तो टोपी खांबाला अडकवणारा. त्याला मी बोलावलं नव्हतं. धागा वाचून आला का कसा, विचारलं नाही. माझ्या शेजारची पात धरली, दुपारपर्यंत एक शब्द नाही. भाकरी सोडताना एवढंच बोलला, "टोपी हलकीच व्हती पण."

चारच्या सुमाराला ती डबा घेऊन आली. आभार वगैरे काही नाही. पदर खोचला आणि एकेक पात बघत निघाली. माझ्या पातीला आल्यावर थांबली, वाकली, बोटभर केना उपटून माझ्यासमोर धरला.

"ही पात कुणाची? मुळी तशीच ठिवलीय की. परवा पाऊस पडला की पुन्हा हिरवं व्हतंय. येत नव्हतं तर बायकोला दोन पाती द्यायच्या व्हत्या."

उद्या सकाळी ती पात पुन्हा खुरपायचीय.